वहिनी, मोठीआई आणि सुलोचनादीदी

आपल्या मंडळाच्या अंकासाठी जुन्या काळच्या एखाद्या आवडत्या कलाकारावर लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा मला फार विचार करावा लागला नाही. आमच्या घरात जुना कलाकार म्हणजे एकच नाव. ते कानावर पडलं की मोठीआई हातातलं काम खाली ठेवते.

मोठीआई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आपल्या बीदर-भालकीकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, पण बंगळूर-पुण्यात वाढलेल्या मुलांसाठी सांगते. आम्ही भावंडं तिला मोठीआई म्हणतो आणि वडील म्हणतात वहिनी. वडील चार वर्षांचे असताना त्यांची आई गेली. त्यानंतर वर्षभरात सोळा वर्षांची ही सून घरात आली आणि पहिल्याच दिवशी एक शेंबडं पोर तिच्या पदराला चिकटलं. ते पोर पुढे शिकलं, नोकरीला लागलं, त्याचं लग्न झालं, आम्ही झालो. पण तोंडातला शब्द वहिनीच राहिला.

लग्नानंतर दोनतीन वर्षांनी आमच्या मोठ्या बाबांनी सगळ्यांना उदगीरला नेऊन 'वहिनींच्या बांगड्या' दाखवला होता. तेव्हा उदगीर नुकतंच बीदर जिल्ह्यातून निघून पलीकडच्या राज्यात गेलं होतं, पण बाजार, लग्नाचा बस्ता आणि मराठी सिनेमा यांसाठी आमच्या गावाला उदगीरच जवळ होतं. धाकट्या दिराला पोटच्या मुलासारखं वाढवणाऱ्या वहिनीची ती गोष्ट. मोठीआई सांगते, परत येताना वाटभर माझे वडील एक अक्षर बोलले नाहीत. वडील म्हणतात, झोप आली होती.

पडद्यावरची ती वहिनी म्हणजे सुलोचना लाटकर. सगळ्या चित्रपटसृष्टीच्या सुलोचनादीदी.

एक घोटाळा आधीच मिटवून टाकते, कारण माझ्या भाचीने मोबाइलवर हे नाव शोधलं आणि तिला भलतंच सापडलं. सुलोचना नावाच्या तीन मोठ्या बायका आपल्याकडे होऊन गेल्या. मूकपटांच्या जमान्यातली तारका रूबी मायर्स पडद्यावर सुलोचना नावानेच वावरली. फडकत्या लावण्या गाणाऱ्या त्या सुलोचना चव्हाण. आणि या तिसऱ्या, ज्यांनी गायलं नाही, नाचल्या म्हणून गाजल्या नाहीत, तरी घराघरात पोचल्या.

त्यांचा जन्म ३० जुलै १९२८चा, गाव खडकलाट. बेळगाव जिल्ह्यात निपाणीजवळ, चिकोडी तालुक्यातलं हे गाव. म्हणजे त्याही आपल्यासारख्याच सीमाभागातल्या. १९५६ साली राज्यं नव्याने आखली गेली तेव्हा मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा आणि हैदराबाद राज्यातले आपले बीदर-गुलबर्गा एकाच वेळी म्हैसूर राज्यात आले. तोवर दीदी कोल्हापूर-पुण्याच्या चित्रपटांत नाव कमावून बसल्या होत्या. घरी त्यांना रंगू म्हणत. आईवडिलांचं छत्र लवकर हरपलं आणि मावशीने सांभाळलं. गावात तंबूतला सिनेमा यायचा आणि रंगूला त्याचं वेड. शाळा बेताचीच झाली. चौदाव्या-पंधराव्या वर्षी लग्न होऊन ती कोल्हापूरला आली.

कोल्हापूर त्या वेळी मराठी सिनेमाचं माहेरघर होतं. मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये रंगूला किरकोळ कामं मिळू लागली. १९४३ सालच्या 'चिमुकला संसार'मध्ये तिने पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर पाऊल टाकलं. त्याच कंपनीत लता मंगेशकर नावाची, तिच्याहून वर्षभराने लहान मुलगीही पोटासाठी काम करत होती. दोघींची मैत्री तिथली, आणि ती जन्मभर टिकली.

रंगूची अडचण होती ती भाषेची. बोली अस्सल खेड्यातली, आणि कंपनीत सगळे पुस्तकी मराठी बोलणारे. हे वाचताना मला माझीच आठवण होते. बारावीनंतर पुण्यात शिकायला गेले तेव्हा वसतिगृहात पहिल्याच संध्याकाळी मी एका मुलीला सहज विचारलं, 'काय करलालास?' खोलीतल्या चौघी इतक्या हसल्या की पुढचे दोन महिने मी तोंड उघडायच्या आधी प्रत्येक वाक्य मनात दुरुस्त करून घेत असे. इकडे आपल्याला 'तुम्ही मराठी लोक' म्हणतात आणि तिकडे 'तू कानडी का गं?' असं विचारतात. सीमेवरच्या माणसाचं हे रोजचंच आहे. त्यामुळे खडकलाटची एक मुलगी तशीच बोलत, तशीच बुजत स्टुडिओत उभी राहिली असेल, हे मला वेगळं कल्पून बघावं लागत नाही.

प्रफुल्ल कंपनी मुंबईला गेली. रंगू कोल्हापुरातच राहिली आणि भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओत दाखल झाली. खरी शाळा तिथे सुरू झाली. भालजींनी तिचे बोलके डोळे पाहून सुलोचना हे नाव ठेवलं. उच्चार घासूनपुसून घेतले, मोठ्याने वाचायला लावलं. ऐतिहासिक चित्रपटांसाठी घोड्यावर बसायला आणि तलवार धरायला शिकवलं. त्या त्यांना बाबा म्हणत आणि पुढे कितीही मोठा सत्कार झाला तरी श्रेय बाबांना देत. १९४६ सालच्या 'सासुरवास'मध्ये त्या नायिका झाल्या. १९४८ साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत जयप्रभा स्टुडिओ जळाला. त्या राखेतून भालजी पुन्हा उभे राहिले आणि १९४९मध्ये 'मीठभाकर' आला. दीदींचं नाव महाराष्ट्रभर झालं ते या काळात.

एक गोष्ट मला फार आवडते. भालजींनी त्यांची भाषा घडवली म्हणजे गावची भाषा पुसून टाकली, असं झालं नाही. दीदींच्या गावाकडच्या बायका बघा. डोक्यावरचा पदर, कमरेला खोचलेला ओचा, चुलीपुढे बसण्याची पद्धत, यांत कुठे वेष घातल्यासारखं वाटत नाही. शुद्ध बोलायला त्या शिकल्या, पण बसणं-उठणं त्यांनी खडकलाटचंच ठेवलं.

'वहिनींच्या बांगड्या' आला १९५३मध्ये. शांताराम आठवल्यांचं दिग्दर्शन, य. गो. जोशींची कथा. तो इतका चालला की पुढे १९६१मध्ये हिंदीत मीनाकुमारीला घेऊन 'भाभी की चूडियाँ' निघाला. दीदींचं वय तेव्हा पंचविशीच्या आत. म्हणजे तरुण नायिका असतानाच त्यांच्या वाट्याला आईपण आलं, तेही दुसऱ्याच्या मुलाचं. नंतरच्या सगळ्या आया या वहिनीच्या पोटी जन्मल्या, असं मला वाटतं.

१९५९ हे त्यांच्या आयुष्यातलं वळणाचं वर्ष. मराठीत 'सांगत्ये ऐका' त्याच वर्षीचा. अनंत माने यांचा हा चित्रपट पुण्यात शंभराहून अधिक आठवडे चालला. हंसा वाडकर आणि जयश्री गडकर यांच्या जोडीला त्यात दीदीही आहेत. आणि त्याच वर्षी हिंदीत आला बिमल रॉय यांचा 'सुजाता'.

हा चित्रपट आपल्या मुलांनी एकदा तरी बघावा, म्हणून त्याच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. रेल्वे की रस्ते असल्या कामांवर गावोगाव फिरणारा एक इंजिनियर, त्याची बायको चारू आणि त्यांची लहान मुलगी. साथीत मेलेल्या मजुराची तान्ही मुलगी त्यांच्या दारात आणून सोडली जाते. मुलगी अस्पृश्य मानलेल्या जातीची. आज पाठवू, उद्या पाठवू करत ती त्याच घरात वाढते. तीच सुजाता, म्हणजे नूतन. चारूचं काम दीदींनी केलंय.

चारू वाईट नाही. मुलीला उपाशी ठेवत नाही, मारत नाही. पण घरी पाहुणे आले आणि ही कोण असं विचारलं की 'आमची मुलगी' हे दोन शब्द तिच्या तोंडून निघत नाहीत. ती म्हणते, मुलीसारखी आहे. त्या 'सारखी'वर सगळा सिनेमा उभा आहे. दीदींनी तो शब्द कुठेही जोर न देता, रोजच्या बोलण्यात म्हणावा तसा म्हटलाय. प्रत्येक वेळी नूतनचा चेहरा बघायचा. चारूला आपण काही दुखावणारं बोललो, याचा पत्ताच नसतो. आपल्या घरांतूनही जातीचा भेद असाच, चांगल्या माणसांच्या तोंडून, आवाज न चढवता बोलला जातो. आरडाओरडा करणाऱ्या खलनायिकेने हे दाखवता आलं नसतं. शेवटी चारू जिन्यावरून पडते, रक्ताची गरज पडते आणि जुळतं ते फक्त सुजाताचं रक्त. हा शेवट मला थोडा सोयीचा वाटतो. पण तोवर दीदींनी जे करायचं ते केलेलं असतं.

आणि एक गंमत. दिग्दर्शक बंगाली, कथा सुबोध घोष यांची, सगळं वातावरण बंगाली. पण घरातल्या बायका बघा. सुजाता म्हणजे शोभना समर्थांची मुलगी नूतन. घरची खरी मुलगी रमा म्हणजे शशिकला, आपल्या शेजारच्या सोलापूरची. सोवळंओवळं पाळणाऱ्या वृद्धेच्या कामात ललिता पवार, जन्म येवल्याचा. आणि चारू खडकलाटची. चौघीही मराठी. सेटवर चहाच्या वेळेला कुठली भाषा चालत असेल, असं माझ्या मनात नेहमी येतं.

त्या वेळी दीदी तीस वर्षांच्या होत्या आणि नूतन बावीस. आठ वर्षांचं अंतर असलेली आई आणि मुलगी. त्याच वर्षी 'दिल देके देखो'मध्ये त्या शम्मी कपूरची आई झाल्या. शम्मी त्यांच्याहून फक्त तीन वर्षांनी लहान. मग सुरू झाली ती रांगच. १९७०च्या 'जॉनी मेरा नाम'मध्ये तर देव आनंद आणि प्राण हे दोघं भाऊ आणि त्यांची आई सुलोचना. देव आनंदचा जन्म १९२३चा, प्राणचा १९२०चा. आई बेचाळीस वर्षांची, थोरला मुलगा पन्नाशीचा! भाचीला हे गणित सांगितलं तर ती म्हणाली, "हा तर अन्यायच आहे. देव आनंद हिरो आणि त्याच्याहून लहान बाई त्याची आई?" तिचं बरोबरच आहे. नायकाचं वय वाढत नव्हतं आणि नायिकेला तिशीतच पांढरे केस लावावे लागत होते. त्यात आता फार फरक पडलाय असंही नाही.

पण मला त्याच्या पलीकडचंही दिसतं. पन्नाशीच्या प्राणची आई म्हणून उभं राहायचं आणि थिएटरात कुणालाही हसू येऊ द्यायचं नाही, हे केस पांढरे करून जमत नाही. दीदी डोळे किंचित मिटून मुलाकडे बघतात, हात वर उचलायची घाई करत नाहीत, आवाज खाली ठेवतात. रडायच्या आधी थोडं थांबतात. अशी पंचवीस-तीस वर्षं त्यांनी काढली. 'कटी पतंग'मध्ये सासू, 'मजबूर'मध्ये अमिताभची आई. हिंदी चित्रपटांची संख्या अडीचशेच्या वर सांगितली जाते आणि मराठी पन्नासेक.

मराठीत त्यांना जास्त वेगळी कामं मिळाली. १९६१च्या 'प्रपंच'मध्ये त्या कुंभाराची बायको आहेत. नवऱ्याच्या कामात बार्शीचे शाहीर अमर शेख. घरात पोरवडा आणि दारिद्र्य, आणि त्यात ती बाई रोजचा दिवस कसा ढकलते ते बघत राहावं. माझ्या मते ही त्यांची सर्वांत चांगली मराठी भूमिका. १९६३च्या 'मोलकरीण'मध्ये आई स्वतःच्या मुलाच्या घरी मोलकरीण म्हणून राबते. त्या काळी बायका पदराने डोळे पुसत बाहेर पडत. खरं सांगायचं तर हा चित्रपट मला आज बघवत नाही. आईने किती सोसावं याला काही माप हवं की नको? १९६४च्या भालजींच्या 'मराठा तितुका मेळवावा'मध्ये त्या जिजाबाई झाल्या, आणि शाळेत भाषण करताना आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे जिजाऊ म्हणून तोच चेहरा यायचा. १९६८च्या 'एकटी'ला मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात त्यांचा मुलगा झालेले डॉ. काशिनाथ घाणेकर पुढे खऱ्या आयुष्यात त्यांचे जावई झाले. मुलगी कांचन घाणेकर यांचं 'नाथ हा माझा' हे पुस्तक बऱ्याच घरांत असेल.

आता घरचीच एक गोष्ट सांगते, कारण ती या सिनेमांपासून मला वेगळी करता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी थंडीत मोठीआई अंगणात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. सोलापूरला नेलं. दवाखान्यात शस्त्रक्रियेआधी एक अर्ज भरून द्यायचा होता, त्यात रुग्णाशी नातं असा रकाना होता. मोठे बाबा जाऊन दहा वर्षं झाली आणि मोठीआईला मूलबाळ नाही. वडिलांनी पेन घेतलं आणि लिहिलं, दीर. खिडकीतल्या माणसाने अर्ज परत दिला. म्हणाला, जवळचं कुणी नाही का? मुलगा-मुलगी? आम्हाला सही जवळच्या माणसाची लागते.

वडील तो कागद हातात धरून उभे राहिले. माझे वडील पंच्याहत्तरीच्या जवळ आलेले, निवृत्त मुख्याध्यापक, एरवी कुणाचं ऐकून न घेणारे. मला वाटलं आता ते त्या माणसाशी भांडतील. ते काही बोलले नाहीत. 'दीर' या शब्दावर त्यांनी एक सरळ रेघ मारली आणि पुढे लिहिलं, मुलगा. सही केली. मग म्हणाले, "चल, खाली जाऊन रक्ताचं विचारून येऊ."

हे मोठीआईला आजवर कुणी सांगितलेलं नाही. आता या अंकात छापून आलं तर तिला कुणीतरी वाचून दाखवेलच.

सुलोचनादीदींचं उरलेलं आयुष्य थोडक्यात सांगण्यासारखं आहे, कारण त्यांनी स्वतःभोवती फार गाजावाजा होऊ दिला नाही. काम कमी झाल्यावर त्या मुंबईत प्रभादेवीला शांतपणे राहिल्या. भारत सरकारने १९९९मध्ये पद्मश्री दिली, फिल्मफेअरचा जीवनगौरव २००४मध्ये मिळाला आणि २००९चा महाराष्ट्र भूषण पुरस्कार त्यांना जाहीर झाला. ४ जून २०२३ रोजी मुंबईत त्या गेल्या. पंचाण्णवावं वर्ष चालू होतं. शिवाजी पार्कच्या स्मशानभूमीत शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. ज्यांच्या त्या पडद्यावर आई होत्या, त्यांतले बरेच 'मुलगे' त्यांच्या आधीच गेले होते.

गेल्या दिवाळीत आम्ही सगळे गावी होतो. खुब्याच्या दुखण्यानंतर मोठीआई फार वेळ बसू शकत नाही, म्हणून तिच्या खाटेसमोर स्टुलावर लॅपटॉप ठेवून 'सुजाता' लावला. भाची, तिचा भाऊ, मी, आणि दाराशी खुर्ची टाकून पेपर वाचतोय असं दाखवणारे वडील. मोठीआईला हिंदी सिनेमाचं सगळं कळतं, बीदरकडच्या माणसाला हिंदी-उर्दू शिकावी लागत नाही. पाहुण्यांसमोर चारू मुलीसारखी म्हणाली तेव्हा मोठीआई पडद्याकडे बघतच म्हणाली, "बघ, कशी बोललाली. मुलीसारखी म्हणं. उष्टं-खरकटं काढायला बरी चालते."

मला वाटलं ती आता दीदींवर चिडणार. पण लगेच म्हणाली, "ही बाई लई चांगली हाय पण. तिला तसं बोलाय सांगितलंय."

भाचीने विचारलं, "मोठीआई, 'वहिनींच्या बांगड्या' परत बघायचा का? मिळतो का बघते."

"नको. ते बघितलंय." मग दाराकडे मान वळवून, जरा मोठ्याने, "ह्याला बी नको दाखवू. वाटभर बोलत नाही नंतर."

वडिलांनी पेपरचं पान उलटलं. म्हणाले, "झोप आली होती म्हणून सांगितलंय ना वहिनी, किती वेळा सांगू?"